मागावरचा हात

गिरिधर बारापात्रेच्या हाती दोर आला का तो ओढणारच. उमरेडले बाप बाबनराव हातमागावर लुगडी विणे, अन् आठव्या वर्षापासून गिरिधर त्याच्या बाजूले बसे. ताण्यातला एखादा धागा सैल राहिला का बाप बोलत नसे, बोटावर पट्टी हाणे. त्या पट्टीनं पोरगा ताण शिकला.

मंग तो नागपूरले कॉलेजात आला अन् एनसीसीच्या नौदल शाखेत शिडाची नाव चालवाले शिकला. कॉलेज सुटलं, नाव नाही सुटली. हिंगण्याच्या कारखान्यात फिटर झाला, पाळी कोणतीही असो, रविवारी तलावावरच्या नौकानयन क्लबात हजर.

त्याची नाव तिघांची. सुकाणू अन् मोठ्या शिडाचा दोर ज्याच्या हाती, तो कप्तान. बावीस वर्षं कप्तान गिरिधरच होता. समोरचं लहान शीड दामिनीकडं. तीही हिंगण्यालेच कामाले, बत्तीस वर्षांची. मधात पुष्कर, कॉम्प्युटरवाला, नावेचा तोल अन् वाऱ्याची दिशा पाहे.

बावीस वर्षांत ही नाव एकदाही बाहेरच्या स्पर्धेले निवडली गेली नव्हती. औंदा भोपाळले जायची संधी होती. गिरिधर सत्तावन्नचा, उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. त्याच्यासाठी ही शेवटचीच.

पुष्करनं नावेवर वेग मोजाचं यंत्र बसवलं, डोलकाठीच्या बुडाशी इवलासा कॅमेरा लावला. काठावर आलं का फोनवर सारं दिसे. चार रविवार तो एकच सांगून राहिला होता.

"काका, हवा मंद असली का तुम्ही दोर ओढता. शीड सपाट होते, वेग पडतो. थोडं सैल सोडा, त्याला पोट येऊ द्या."

"तू मले कापड शिकवून राहिला काय गा? तुह्या आज्यानं कचेरीत फायली बांधल्या, माह्यानं लुगडी विनली."

पुष्कर हसला.

निवड जानेवारीतल्या एका रविवारी होती. दोन फेऱ्या, दोन्हींतल्या नंबरांची बेरीज, जिची सर्वांत कमी ती नाव भोपाळले. शर्यतीत यंत्र पाहाची परवानगी नव्हती. त्या दिवशी वारा इतका मंद, का पाण्यावर सुरकुतीही पडत नव्हती. पहिल्या फेरीत गिरिधरची नाव चौथी आली.

नाव काठावर लागली. दामिनी बोलली. "काका, तुमचा हात नावेवर नाई, मागावर हाय."

पुष्करनं फोनवर फेरीचा व्हिडिओ लावला. गिरिधरनं तिच्याकडं पाह्यलं, मंग पुष्करच्या हातातला फोन घेतला.

कॅमेऱ्यात त्याचा चेहरा नव्हता, नुसता हात होता. वारा पडला का हात मागं येई अन् बाजूचा वेगाचा आकडा उतरे. गिरिधरनं मोजलं. नऊ वेळा. त्याले आठवत होतं दोनदाच.

"हे मी केलं?"

"हो काका."

"मले ठाऊकच नाई." त्यानं फोन परत केला. "आता सैल सोडतो म्हनलं तरी हा हात ऐकनार नाई. दामिनी, सुकाणूवर तू बस वं."

"अन् तुमी?"

"मी लहान शिडावर."

"मंग हुकूम माहा चालन. मधात बोलाचं नाई."

"नाई बोलत."

दुसऱ्या फेरीत दामिनीनं दोर सैल ठेवला. शिडाले हलकंसं पोट आलं, अन् नाव बाकीच्यांतून अशी निसटली का पुष्कर तोंडात बोटं घालून बसला. अर्ध्या वाटेवर वारा मेला. लहान शिडाचा दोर गिरिधरच्या मुठीत होता. मूठ आपोआप मागं आली.

"काका, सोडा!"

ती एवढ्या जोरानं ओरडली का बाजूच्या नावेतल्यानं वळून पाह्यलं. गिरिधरच्या कानशिलाची शीर फुगली. बावीस वर्षांत या नावेत त्याच्यावर कोणी आवाज चढवला नव्हता. त्यानं दोर सोडला.

नाव पहिली आली.

चार अन् एक, पाच. क्लबातलाच एक कप्तान वामनराव, त्याची नाव दोन्ही फेऱ्यांत दुसरी होती, तिची बेरीज चार. भोपाळ एका आकड्यानं गेलं.

शीड गुंडाळताना पुष्कर म्हणाला, "काका, मी आधीच जोर लावून सांगायला पाहिजे होतं."

"सांगतलं होतं तू. चार रविवार." गिरिधरनं घडी दाबली. "मीच आयकलं नाई. लवकर आयकलं असतं तं तुमी दोघं भोपाळले गेले असते."

मंग तो लंगडत क्लबच्या खोलीत गेला. तिथं प्रत्येक नावेच्या कप्तानाचं नाव फळ्यावर लिहून राहे. खडू क्लबाची देखरेख करणाऱ्या धोंडबाकडं.

"माह्या नावेपुढं दामिनी लिही."

"तुमची निवड तं झाली नाई, गिरिधरभाऊ. आता काहून घाई?"

"झाली नाई म्हनूनच. लिही."

धोंडबानं फडकं उचललं.