चुन्याची डबी आणि पाच महिने

तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं उंदरांवर काम करतोय. उंदराला भूल देऊन डोक्याला मोजून मार द्यायचा. मग काही महिन्यांनी त्याची आठवण कमी होते का, मेंदूत अल्झायमरसारखे बदल दिसतात का, ते बघायचं. परीक्षा पाण्याच्या टाकीत. दूध पावडरीने गढूळ केलेल्या पाण्याखाली एक छोटा चौथरा असतो. उंदीर पोहत तो शोधतो, मी सेकंद मोजतो. तोवर मी जागचं हलायचं नाही. मिनिटभरात नाही सापडला, तर हाताने त्याला चौथऱ्यावर नेऊन ठेवायचं.

दोन वर्षांपूर्वी बाबा दिवाळे गावाच्या जेट्टीवर घसरले आणि होडीच्या कडेवर डोकं आपटलं. स्कॅन साफ आला. विसरायला लागले तर लगेच आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वर्षभरात ते खांदेश्वरच्या आमच्या घरात बाथरूम समजून कपाट उघडायला लागले. बायको म्हणाली, दाखवून येऊ. मी म्हटलं, वय झालंय, उगाच टेन्शन घेऊ नकोस.

आणि त्याच आठवड्यापासून मी बाबांची परीक्षा घ्यायला लागलो. बायको सकाळी देवळात गेली की त्यांची चुन्याची डबी त्यांच्या देखत टीव्हीमागे ठेवायचो. अंघोळ करून आले की ते शोधायचे आणि मी दारात उभा राहून मोजायचो. आकडा वहीत. खात्री करून घेतोय असं स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे डॉक्टरच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं. मिनिट उलटून जायचं, तरी मी हलायचो नाही. उंदराला द्यायचो तेवढाही हात मी त्यांना दिला नाही.

एक दिवस उशीखाली, गॅसपाशी, चपलांत बघून ते माझ्यासमोर येऊन थांबले.

"तुला ठाव हाय ना डबी कुठं हाय? मंग सांगत का नाय रं?"

मी डबी काढून दिली. त्यांनी तंबाखू मळली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. मी खात नाही, हे त्यांना आठवलं नाही.

दोन दिवसांनी आम्ही डॉक्टरांकडे होतो. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. बायको मला सांभाळून घेत म्हणाली, आम्हाला आत्ताच जाणवायला लागलं. मी वही टेबलावर ठेवली. इतकी नीट नोंद घरचे कधी आणत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. बायकोने वही ओढून पहिल्या पानावरची तारीख वाचली.

"पाच महिने?" एवढंच म्हणाली.

आता बाबांच्या गोळ्या तीच देते. मी पुढे झालो की म्हणते, राहू द्या, मी बघते.