न पाहिलेल्या छावणीचा वृत्तांत

"मी अजून तिथे गेलेच नाही, तर तिथे मला काय वाटलं ते आज कसं लिहू?" असं अदीबा एकदा भर वर्गात म्हणाली, आणि त्या दिवसापासून शाळेत ती आगाऊ ठरली.

सतरा वर्षांची मुलगी. बाप लतीफ मूळचा रत्नागिरीकडचा, बहारीनमध्ये मआमीरजवळच्या वर्कशॉपात वेल्डर. तिथल्याच तिच्या इंग्रजी शाळेतून चौदा मुलं जुलैत पोलंडला निघाली होती. नाझींनी लाखो ज्यूंना जिथे मारलं त्या छावण्या पाहायला. तेरा जणांना घरचेच पाठवत होते. चौदावी जागा इतिहासात पहिल्या येणाऱ्यासाठी शाळेने राखली होती. ती अदीबाला मिळाली. लतीफने ही बातमी वर्कशॉपात, मशिदीत आणि गावाकडच्या प्रत्येक फोनवर सांगून टाकली होती.

तयारी जोरात होती. म्हणजे पालकांच्या ग्रुपवर बसमध्ये व्हेज मिळेल का आणि फोटोत काळा टी-शर्ट शोभेल की करडा, यावर रोज खल चालायचा. मेलेल्यांची चौकशी कोणी करत नव्हतं. प्रत्येक मुलाला तिथे मारल्या गेलेल्या एका माणसाचं नाव अभ्यासाला दिलं होतं. अदीबाच्या वाट्याला एका शिंप्याची मुलगी आली, तिच्याच वयाची. तिच्याविषयी जगात तीनच ओळी शिल्लक होत्या. त्या तीन ओळींपाशी अदीबा महिनाभर अडून बसली होती.

मग शाळेच्या वार्षिक अंकाचं लचांड मध्ये आलं. अंक जूनमध्ये छापायला जाणार आणि सहल जुलैत. पालक समितीचे अध्यक्ष सलील, जनाबियातल्या व्हिलात राहणारे बँकवाले. त्यांनी तोडगा काढला की मुलांनी आपले अनुभव आधीच लिहून द्यावेत. मुलांनी दिलेही. तेराही लेखांत शांतता बोलत होती आणि वारा हुंदके देत होता. सलील यांची मुलगी कश्मिरा तर गुडघाभर बर्फातून चालून आली होती, भर जुलैत. इतिहासाच्या स्मिता मॅडमनी त्यावर 'हृदयस्पर्शी' असा शेरा मारला. बर्फ कोणालाच खटकला नाही.

अदीबाचा कागद तेवढा कोरा. गुरुवारी तिला बापासकट ऑफिसात बोलावलं. शिफ्ट संपवून लतीफ तसाच आला आणि खुर्चीच्या कडेला टेकला. सलील यांनी त्याला हिंदीत बराच वेळ मुलीच्या भवितव्याबद्दल समजावलं. तो मान हलवत राहिला.

"अंकल, परत आल्याबरोबर लिहीन," अदीबा म्हणाली.

"तोवर अंक वाटून झालेला असेल," सलील म्हणाले. " आज लेख नाही, तर जागा दुसऱ्या आलेल्या यासीनला. त्याने अनुभव तयार ठेवलाय."

स्मिता मॅडमनी नजर चुकवत एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. खाली फक्त नाव घालायचं होतं. त्यात शिंप्याच्या मुलीने धुक्यातून अदीबाला हाक मारली होती आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या होत्या.

अदीबाने बापाकडे पाहिलं. जोडात केसाएवढी फट दिसली, तर अख्खा पाइप पुन्हा कापायला लावणारा माणूस.

"घाल गो बाय नाव," लतीफ हळूच म्हणाला. "वाचतंय कोण हा?"

अदीबाने हातातल्या पेनाला टोपण लावलं. स्मिता मॅडम काहीतरी बोलायला गेल्या. तोवर ती उठली होती. बिननावाचा कागद टेबलावरच ठेवून ती दाराबाहेर पडली.