बांधावरचा टब

अर्धापूरच्या सरजाबाईला माहेर राहिलं नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडचं तिचं सगळं घरदार एका पहाटेत गेलं. तवापासून पंचमीला तिला माहेरची साडी नेसवायची ती शेजारच्या शेतातली सिंधुआक्का. नातं न्हाई, गोतं न्हाई, पण रोज दुपारी सरजाबाईच्या लिंबाखाली दोघींची भाकरी एकाच फडक्यावर सुटायची.

पुढं सरजाबाईचे मालक वारले. पोरगा शिवम लातूरला क्लासमधी शिकवायला गेला, तो फोनवरबी घड्याळाकडं बघून बोलणार. राहिली एक आक्का.

मग एक परदेशी कंपनी सरजाबाईची केळी घ्यायला लागली. घड कसा झाकायचा, फणी कशी कापायची, सगळं कंपनीच्या साहेबानं शिकवलं. बाई हुशार किती! दोन हंगामांत साहेब बाकीच्यांना तिच्याकडंच शिकायला धाडू लागला. एकच गोष्ट अवघड होती. उभी केळ वाळवणारा मर रोग पायाला लागलेल्या मातीतून येतो, म्हणून औषधाच्या पाण्याचा टब बांधावर ठेवायचा. पाय बुडवल्याबिगर कुणाला आत घ्यायचं न्हाई.

"आक्कालाबी?"

"कुणालाच नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी आक्का टबापाशी थबकली. "माझे पाय बाटले का गं, सरजे?" म्हणाली, अन् भाकरी तशीच घेऊन फिरली. सरजाबाईनं लई समजावलं, पाया पडली. पण आक्काचा राग म्हंजे राग! तीन वर्षं फिरकली न्हाई. सरजाबाई रोज टबातलं पाणी बदलायची अन् लिंबाखाली एकटीच जेवायची. घास उतरायचा न्हाई. साहेबाच्या शाबासकीनं का पोट भरतं? आक्कानं एकदा पाय बुडवून आत यावं, एवढंच तिला पायजे होतं.

अन् एका दुपारी आली की हो आक्का! चपला काढल्या, लुगडं वर धरलं, दोन्ही पाय टबात बुडवले. सरजाबाईचे डोळे भरून आले. ती धावतच गेली.

"माझ्या केळीची पानं पिवळी पडायलीत गं," आक्का म्हणाली. "तू शिकलीस म्हणं. बघ जरा." तिनं पदराखालून केळीच्या खोडाचा कापलेला तुकडा काढला. आत तांबूस-काळी वर्तुळं. मर रोगच.

"थांब! आत पाऊल टाकू नको!" सरजाबाई ओरडली. 'ये गं आक्का' म्हणायला तीन वर्षं तरसली होती, अन् तोंडातून पहिलं हेच निघालं.

आक्काचं तोंड उतरलं. तिनं तुकडा पदरात गुंडाळला, चपला हातात घेतल्या अन् चालू लागली. सरजाबाई हाका मारत बांधाबाहेर धावली. आक्कानं मागं बघितलं न्हाई. वाटेवर तिच्या ओल्या पायांचे ठसे उमटले होते. अन् जळो ते शिकणं! धावतानाबी सरजाबाई त्या ठशांवर पाय न देता कडेकडेनं पळत होती.