ओट्याचं माप

आमच्या घरात स्वयंपाक बाबा करायचे. ही गोष्ट जगात तीन माणसांना ठाऊक होती आणि ती तिघंही बदलापूरच्या एकाच वन रूम किचनमध्ये राहत होती. आई कल्याणला सरकारी कचेरीत नोकरीला, तिला घरी यायला आठ वाजायचे. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, म्हणजे चारला घरात. मी शाळेतून यायची ती भुकेने कावलेली. कधीतरी त्यांनी कुकर लावला, मग आमटी जमली, मग भाकरीही फुगायला लागली. आई आली की तिच्यासमोर गरम ताट. कुणी ठरवून केलं नव्हतं, पण बसलेली घडी मोडायला कुणाकडे कारणही नव्हतं.

पाहुणे आले की मात्र आमच्याकडे नाटक व्हायचं. बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या, वांगणीला राहायची. एका स्टेशनाचं अंतर, त्यामुळे ती कधीही उगवायची. गॅलरीतून ती कोपऱ्यावर दिसली की मी आत वर्दी द्यायची. बाबा खांद्यावरचा नॅपकिन भिरकावून खुर्चीत पेपर उघडून बसायचे आणि आई हातात पळी घेऊन ओट्यापाशी उभी राहायची. स्वयंपाकघराच्या दाराला जाड पडदा होता, तो आमचा मोठा आधार. जेवताना आत्या आईला म्हणायची, "हाताला चव आहे हो तुझ्या." आई मान खाली घालायची. आत्याला तो विनय वाटायचा.

यात हसण्यासारखं खूप होतं, पण भीतीही खरी होती. गावातल्या कुणी बायकोच्या साड्या दोरीवर वाळत घातल्या, तर आत्या ते वर्षभर सांगत फिरायची. तिच्या तोंडी बाबांचं नाव त्या यादीत जाणं बाबांना परवडणारं नव्हतं. आणि जिला स्वयंपाक येत नाही अशी सून म्हणून मिरवणं आईलाही नको होतं. मला या सगळ्याचा मनस्वी राग यायचा. मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळे मान्य करतात.

पुढे बाबांचा कारखाना बंद पडला आणि ते दोन्ही वेळचा स्वयंपाक करायला लागले. तेव्हा मी नोकरीला लागले होते. दोन हजार सालानंतरचे ते दिवस, बदलापुरात जिकडेतिकडे नव्या बिल्डिंगी उठत होत्या. आमचं स्वयंपाकघर मात्र बिल्डरने दिलं तसंच होतं: काळ्या कडप्प्याचा बुटका ओटा, कोपऱ्यात मोरी, वर धुराने पिवळा पडलेला माळा. बाबा आमच्या नात्यात सगळ्यांत उंच. त्या ओट्याशी वाकून वाकून त्यांची कंबर कामातून गेली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला, वाकू नका म्हणून सांगितलं. बाबा पट्टा बांधून वाकायचे. शेवटी मोरीचं पाणी खालच्या घरात झिरपायला लागलं, खालच्या काकू रोज छत दाखवायला बोलवू लागल्या, तेव्हा मीच जाहीर केलं की सगळंच फोडून नवीन करायचं.

कॉन्ट्रॅक्टर उल्हासनगरचा, कॅम्प दोनमध्ये त्याचं दुकान. दुकानात एक अख्खं नमुन्याचं किचन मांडलेलं, त्यात प्लास्टिकची सफरचंदं. सिंधी माणूस, अंगाने भरलेला, बोलायला एकदम गोड. गवंडी, प्लंबर, सुतार सगळे त्याच्या हाताखाली. त्याला मिस्त्री म्हटलेलं आवडायचं नाही. घर बघायला आला त्या पहिल्याच भेटीत त्याने आईला स्वयंपाकघरात समोर बसवून विचारपूस सुरू केली. बाबा बाहेर पेपर घेऊन बसले, म्हणजे पाहुण्यांसमोर बसायचे तसेच.

मसाल्याचा डबा कुठल्या हाताला लागतो, असं त्याने विचारलं. आईने आधी डावा हात उचलला, मग उजवा. कढया किती, याचं उत्तर तिने "साधारण" एवढंच दिलं. भाकरी ओट्यावर थापता की खाली बसून, या प्रश्नावर ती माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून बाबा म्हणाले, "ओट्यावरच. म्हणजे, ही ओट्यावर थापते." कॉन्ट्रॅक्टर खूश झाला. घरातल्या पुरुषाचं इतकं लक्ष असलेलं त्याने म्हणे फार कमी पाहिलं होतं.

मग त्याने आईला भिंतीला टेकून उभं केलं. हात कोपरात दुमडायचा आणि कोपराच्या चार बोटं खाली ओट्याचा दगड आला पाहिजे, असा त्याचा नियम होता. "भाभी, किचन म्हणजे लेडीजचा ऑफिस. माप लेडीजचाच घ्यायचा," असं म्हणून त्याने भिंतीवर पेन्सिलीची आडवी रेघ मारली. आई बाबांच्या छातीला लागते. रेघ कडप्प्याच्या वर जेमतेम एक बोट आली.

मी एकदा सुचवून पाहिलं की बाबांनाही उभं करून बघा. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. इतका खर्च, इतकी धूळ, आणि ज्या माणसासाठी हे चाललंय तो पुढची सगळी वर्षं पुन्हा वाकलेलाच. त्या संध्याकाळी मी दोघांशी भांडले. आईचं म्हणणं एकच, उंच ओटा बांधला की येणारा प्रत्येक जण विचारणार, हा कोणासाठी. नॅपकिन फेकता येतो, पडदा ओढता येतो, ग्रॅनाइट कुठे लपवणार? बाबा त्या रेघेसमोर वाकून कांदा चिरत होते.

जुना ओटा दोन दिवसांत फुटला. गॅस गॅलरीच्या दाराशी फरशीवर आला आणि बाबा उकिडवे बसून स्वयंपाक करायला लागले. कामगार आले की आई रजा टाकून शेगडीपुढे बसायची आणि बाबा जिन्यात उभे राहायचे. त्या आठवड्यातली डाळ जळकी होती.

विटांचं काम सुरू व्हायचं त्या सकाळी कॉन्ट्रॅक्टर स्वतः आला. गवंड्याने रेघेवर दोरी ताणली आणि माल कालवायला घेतला. बाबा जिन्यातून आत आले. रोज उकिडवं बसून कंबर धरली होती, भिंतीला हात लावत लावत आले. त्यांनी दोरीपाशी उभं राहून कोपर दुमडलं आणि म्हणाले, "शेट, ही रेघ पुसा. माप माझं घ्या."

कॉन्ट्रॅक्टर हसला. म्हणाला, "काका, खाना तर भाभी बनवते ना?"

"नाही. मी करतो."

गवंड्याची थापी थांबली. मला वाटलं, आता कॉन्ट्रॅक्टर दात काढणार आणि मी त्याला हाकलून देणार. पण त्याचं दुःख वेगळंच होतं. पहिले बोलना था ना, कपाटांचं सगळं ड्रॉइंग बदलावं लागणार, म्हणून तो करवादला आणि टेप काढून बाबांच्या कोपराशी वाकला. मग डब्याचा, कढयांचा, भाकरीचा प्रत्येक प्रश्न त्याने पुन्हा पहिल्यापासून विचारला. बाबा थांबायलाच तयार नव्हते. पळ्या कुठे टांगायच्या यावर दोघांचा चांगला वाद झाला. बाबांना इतकं बोलताना मी कारखाना सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

आई गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागे गेले. ती रडत नव्हती, पण तिला लागलं होतं. म्हणाली, हाताला चव म्हणून जे काय माझ्या वाट्याला येत होतं, तेही गेलं. बाबा मागून आले आणि म्हणाले की ती चव तशीही उसनी होती, आता मूळ मालकाने परत मागितली. आईने त्यांना चापट मारायला हात उचलला आणि तिलाच हसू फुटलं. मग ती गंभीर होऊन म्हणाली, "पण ताई आल्या म्हणजे?" बाबा म्हणाले, येऊ देत.

आत्या आलीच, काम संपल्याच्या आठवड्यात. मी गॅलरीतून तिला पाहिलं आणि या वेळी आत येऊन हळूच सांगितलं. बाबा बोंबलाचं कालवण करत होते. नव्या ओट्याशी सरळ उभे. त्यांचा हात खांद्यावरच्या नॅपकिनकडे गेला आणि परत आला. आई सवयीने उठली होती. बाबांनी तिला बस म्हटलं आणि ती बसली, पण खुर्चीच्या अगदी टोकावर.

आत्या कुणाच्याही घरी स्वतःचा चहा स्वतः करायची, दुसऱ्याचा तिला पचत नसे. चपला काढून, पडदा सारून ती थेट आत गेली, भांडं घेतलं आणि ओट्याशी उभी राहिली. ओटा तिच्या जवळजवळ छातीला लागला. तिने ओट्याकडे पाहिलं, मग बाहेर बसलेल्या आईकडे, मग बाबांकडे.

"कुणाच्या मापाचा बांधलास रे हा?"

"माझ्या," बाबा म्हणाले. "स्वयंपाक मीच करतो, ताई. पहिल्यापासून."

मी माझं भाषण तयार ठेवलं होतं. वर्षानुवर्षं साठवलेलं, चांगलं धारदार. पण आत्या आईकडे वळली. मग तिने आईला विचारलं, म्हणजे मी इतकी वर्षं कौतुक करत होते ते? आई म्हणाली, "ह्यांचंच, ताई."

आत्याने रिकामं भांडं ओट्यावर बाबांकडे सरकवलं आणि बाहेर येऊन आईच्या शेजारी बसली.

"मग चहा पण तूच कर," ती म्हणाली. "टपरीवाला सोडला तर आजवर कुठल्या पुरुषाने मला चहा करून दिलेला नाही."

बाबांनी आलं किसलं, दूध घातलं. त्यांनी बाहेर येऊन कप तिच्या हातात दिला. तिने लगेच तोंडाला लावला नाही. दोन्ही हातांत धरून ती तशीच बसून राहिली आणि मग पदराने डोळे पुसले.