जिभेखालचे थंड पाणी

वसतिगृहात असताना मला सर्वांत जास्त भीती तापाची वाटे. तिथला नियम साधा होता: मुलगी आजारी पडली की पालकांना बोलावून तिला घरी पाठवायचे आणि बरी झाली की परत घ्यायचे. पण दसऱ्यानंतर इंझोरीजवळच्या आमच्या वस्तीवरील घरांना कुलपे लागत. आईबाबा ऊसतोडीला जात. तेव्हा माझे घर म्हणजे उसाच्या फडावरचे पाल. आदल्या वर्षी वस्तीवरची एक मुलगी काविळीमुळे तिकडे गेली होती. ती बरी झाली. पण धाकट्या भावाला सांभाळायला आणि मोळ्या बांधायला उपयोगी पडू लागल्यामुळे शाळेत परतलीच नाही.

म्हणून सातवीत मला ताप आला तेव्हा मी तो लपवला. अधीक्षिका मॅडम थर्मामीटर घेऊन येत, त्याआधी मी माठाचे पाणी जिभेखाली धरून ठेवी. पारा खालीच राही. शेजारच्या खाटेवरची मैत्रीण मात्र फसली नाही.

"तुहं अंग तं तव्यावानी तापून राह्यलं व! मॅडमले सांगतो मी."

"सांगशीन तं पाय मोडीन तुहे."

"आधी सोताच्या पायावर उभी तं राह्य!"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ते मला खरोखरच जमले नाही. शुद्ध आली तेव्हा मी कारंज्याच्या दवाखान्यात होते. हाताला सलाईन लावलेले होते आणि पलंगाशेजारी उभ्या राहून मॅडम बाबांशी फोनवर बोलत होत्या. स्पीकर चालू होता. मी डोळे मिटूनच राहिले. डॉक्टर डेंग्यू म्हणत होते, पण त्या शब्दाने मला काहीच वाटले नाही. बाबा "आनतो तिले" म्हणतात की काय, एवढेच मी ऐकत होते.

"मॅडम, मी आत्ताच निंगतो," बाबा म्हणाले. "पन पोरीले आनू कुठं? इथं पालात आमीच कुडकुडून राह्यलो."

मॅडमनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

"तुमी या, भेटून जा," त्या म्हणाल्या. "पोरीले कुठी नेऊ नका. माह्या खोलीत राहीन ते."

मी त्यांच्या खोलीत राहिले, बरी झाले आणि पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली. आता मी वस्त्यांवर जाऊन पालकांना सांगते की मुलींना निवासी शाळेत ठेवा, आणि ते मनापासून सांगते. मात्र कोणत्याही शाळेचे नाव सुचवण्याआधी मी तिथे जाऊन एकच प्रश्न विचारते: आजारी मुलगी कुठे झोपते?

परवा एका शाळेत अधीक्षक अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे मुली आजारी पडतच नाहीत."

मी त्यांची परवानगी घेतली आणि मुलींच्या कपाळांना हात लावत रांगेतून निघाले.