आठांपैकी एक अक्षर

पुलगावजवळच्या ज्या विद्यालयात मी मुख्याध्यापक होतो, तेथे प्रश्नपत्रिकेच्या लिफाफ्यावर लाखेची मोहोर असे आणि तिच्या दोन बाजूंना दोघांच्या सह्या. एकट्याने लिफाफा हाताळायचा नाही, हा नियम माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांचा. मी तो पाळला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कार्यालयात संगणक आला. प्रश्नपत्रिका त्यावर टंकित होऊ लागली; पण प्रिंटर संगणक-कक्षात, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून दोन संगणक तारेने जोडले आणि पासवर्ड दिल्यास प्रश्नपत्रिकेचे फोल्डर तिकडूनही उघडेल, अशी सोय केली. पासवर्ड आठ अक्षरांचा. जुन्या नियमाला धरून पहिली चार अक्षरे मी टंकायची, पुढची चार टंकलेखिका बाईंनी. एकाने टंकताना दुसऱ्याने तोंड फिरवायचे. ही व्यवस्था मी निर्दोष मानत होतो.

एका सहामाही परीक्षेच्या दोन दिवस आधी माझ्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेतील चार उदाहरणे एका खासगी शिकवणीत फळ्यावर आली. ती प्रश्नपत्रिका मी स्वतःच टंकली होती आणि तिसऱ्या उदाहरणात टंकनाची चूक राहिली होती. तीही जशीच्या तशी. म्हणजे माझे हस्तलिखित फुटले नव्हते. प्रती अजून छापायच्या होत्या. फोल्डर उघडले गेले होते. नवी प्रश्नपत्रिका मी हाताने लिहिली आणि चौकशीला लागलो.

मी एका बोटाने टंकतो. बाई दहाही बोटांनी, न पाहता. त्यांची चार अक्षरे मला टिपता येणे अशक्य. माझी चार त्यांना तिरप्या नजरेनेही टिपता आली असती. या तर्कावर मी कारणे दाखवा नोटीस काढली आणि शिक्षकांच्या सभेत वाचली. बाईंच्या नेमणुकीला कायम मान्यता मिळावी, असा प्रस्ताव त्याच महिन्यात शिक्षण विभागाकडे जायचा होता. नोटीस कायम झाली की प्रस्ताव संपला, हे सभेतील प्रत्येकाला ठाऊक होते.

एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "सर एक अक्षर शोधाले इतका वेळ घेतात, की व्हरांड्यातला माणूसही लिहून घेईन."

काही जण हसले. बाई नाचणगावहून सायकलने येत. त्या दिवशी त्या वेळेआधी निघाल्या नाहीत, रजाही मागितली नाही. नोटिशीला त्यांनी एका ओळीचे उत्तर दिले: मी पाहिले नाही.

निर्णयाला आठ दिवसांची मुदत होती. त्या मुदतीत वर्ध्याहून संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ नेहमीच्या तपासणीला आले. तारेवरून फोल्डर देणाऱ्या भागासाठी कंपनीने दुरुस्ती काढली होती; ती त्यांनी फ्लॉपीवर आणली होती. दुरुस्ती कशाची, असे मी विचारले. त्यांनी मला नवा पासवर्ड ठेवायला सांगितले आणि स्वतः बाहेर गेले. परत येऊन त्यांनी पलीकडच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम लावला. फोल्डर क्षणात उघडले.

"सर, हा पहारेकरी येणाऱ्यालेच विचारते, किती अक्षरं आणली तुम्ही. त्यानं एक म्हटलं, तर हा एकच तपासते. बाकीची सात पाहतच नाई."

असा प्रोग्राम नागपुरात कोणालाही मिळे, असे ते म्हणाले.

मला पटले नाही. त्यांना बसवून घेऊन मी त्या दुपारी सहा वेळा पासवर्ड बदलला. लांब ठेवला, आखूड ठेवला, मध्ये अंक घातले. निकाल वहीत लिहीत गेलो. दर वेळी पहिले अक्षर पुरेसे ठरले. पासवर्ड तपासणारा हा भाग लिहिणाऱ्याने काय तपासले असेल, याचा मी बराच विचार केला. योग्य शब्दाने दार उघडते, चुकीच्या शब्दाने उघडत नाही, एवढे त्याने नक्कीच पाहिले असणार. अपुरा शब्द घेऊन कोणी येईल आणि तो किती अपुरा घ्यायचा हेही तोच ठरवील, हे त्याला सुचले नसावे. वर्गात अशी सिद्धता मी अपूर्ण ठरवली असती. तरी वर्षानुवर्षे तिच्यात कोणाला काही खटकले नव्हते, याचेच मला नवल वाटले.

दुरुस्ती बसवून गृहस्थ शेवटच्या बसने गेल्यावर मी वही पुन्हा पाहिली. दार पहिल्या अक्षराने उघडत होते. पहिले अक्षर माझे होते. बाईंची चार अक्षरे कधी विचारलीच गेली नसती. ज्याला अक्षर ठाऊक तो दोषी, हा माझा तर्क धरला, तर नोटीस मला निघायला हवी होती. आणि उघडणाऱ्याला तेही ठाऊक असण्याची गरज नव्हती. प्रोग्रामने सगळी अक्षरे क्रमाने लावून पाहिली असती.

दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावून नोटीस मागे घेत असल्याचे सांगितले.

"सर, नोटीस सभेत वाचली होती," त्या म्हणाल्या. "मागं घेतल्याचंही सभेतच वाचा. अन् कारण लिहा. नाईतर लोक म्हणतीन, दया केली."

मी कारण लिहिले. ते दोन पानांचे झाले. सभेत पूर्ण वाचले. माझ्या पहिल्या अक्षराचा परिच्छेदही वाचला. शिक्षकांनी शंका विचारल्या, मी उत्तरे दिली. फोल्डर कोणी उघडले, हे मला सांगता आले नाही. आजही येत नाही.

सभा संपल्यावर बाईंनी त्या दोन पानांची प्रत मागून घेतली आणि मान्यतेचा प्रस्ताव माझ्यापुढे ठेवला. तो मी त्याच दिवशीच्या टपालाने रवाना केला.