उघडी बाही

"डोअर ओपन!" असं ती ओरडली की नवी गिऱ्हाइकं दुकानाच्या दाराकडे बघायची. दार आपलं बंदच असायचं. बाईसाहेबांचं बोट गिऱ्हाइकाच्या गळ्याकडे!

ऐंशीच्या दशकात जर्सी सिटीत, कपडे ऑल्टर करणाऱ्या दुकानात आम्ही दोघी शेजारी बसायचो. ती बल्गेरियाची, माझ्या आईच्या वयाची. मी तिला मावशी म्हणायचे. तिला वाटलं, आमच्यात मैत्रिणी एकमेकींना अशीच हाक मारतात. तीही मला रोज हसून 'मावशी' म्हणायची. किती वेळा समजावलं, पण छे!

तिच्या लेखी कपड्याला तीन दारं: गळा, मनगट आणि खालचा घेर. वाईट शिरणार ते तिथूनच, म्हणून तिथे लाल दोऱ्याच्या भरतकामाचा पहारा. कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करायची. "पुढून काय, सगळेच छान," म्हणायची आणि मागच्या गाठी बघत बसायची.

माझ्या लेकीसाठी तिने झबलं भरलं. सगळ्या लाल नक्षीत एकच टाका निळा.

"मावशी, चुकलंय इथे!"

"मुद्दाम. दृष्ट लागू नये."

अगंबाई, ही तर तीट! मी पर्समधलं काजळ काढून माझ्या गालावर ठिपका लावून दाखवला. तिनेही गाल पुढे केला, आणि तशीच तीट मिरवत बसने घरी गेली.

एक सदरा मात्र पुरा होईना. तो तिच्या मुलीने लग्नात घालायचा. पोरीला आजीकडे ठेवून ती देशातून निसटली होती. नंतर तिथलं सरकार पोरीला सोडेना. गळा भरून झाला, घेर झाला, डावी बाही झाली. उजवी कोरी.

"डोअर ओपन!" मी चिडवलं.

तिने माझं मनगट अंगठा आणि बोटात धरलं. "तुझ्याएवढाच असेल तिचा हात. आली की भरेन. हे दार बंद केलं तर ती येईल कुठून?"

त्यानंतर अधूनमधून ती माझं मनगट तसं धरून बघायची.

दशक संपता संपता तिथल्या सीमा खुल्या झाल्या. मावशी त्याच्या आदल्याच हिवाळ्यात वारली होती. असा राग आला मला! थोडी थांबली असती तर काय बिघडलं असतं?

मग एका दुपारी माझ्याच वयाची एक बाई दुकानात आली. "मावशी?"

"गेली गं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बोट केलं. "यू. मावशी." तिच्या आईने पत्रातून घरी माझं हेच नाव कळवलं होतं.

मी खणातून सदरा काढला. तिने तो आधी उलटा केला. मग उजव्या, कोऱ्या बाहीत हात घातला. मी तिचं मनगट अंगठा आणि बोटात धरलं.

माझ्याहून कितीतरी बारीक होतं. मावशीचं माप चुकलं होतं, आणि या वेळी मुद्दाम नाही.